चार नंबरची ताटली

“पानात पडलं त्याला नाव ठेवायचं नाही, प्रमिला. अळणी असलं तरी नाही, करपलं तरी नाही. एवढं एकच सांभाळ.”

गोदूताईंचा आवाज कानात होता आणि डॉक्टर अथणीकरांच्या दवाखान्यातल्या बाई माझ्यापुढे एकेक ताटली मांडत होत्या. स्टीलच्या सहा ताटल्या, प्रत्येकीत बिस्किटं, कडेला चिकटपट्टीवर आकडा. कुठल्या ताटलीत कुठल्या दुकानातलं पाकीट फोडलंय ते फक्त त्या बाईंना ठाऊक. माझ्यापुढे एक छापील कागद आणि पेन.

“दहापैकी मार्क द्यायचे, काकू,” डॉक्टर म्हणाले. “चव बघा, खुसखुशीतपणा बघा, मुलं खातील का ते बघा. जे पहिलं येईल ते मी माझ्या यादीत घालणार. जिल्ह्यातल्या माझ्या सगळ्या मुलांना तेच सांगणार.”

त्यांची मुलं म्हणजे गहू न सोसणारी मुलं. माझी नात शाल्मली त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी तिचे हातपाय काड्यांसारखे झाले होते आणि पोट नगाऱ्यासारखं. आम्ही जंत समजून वावडिंग देत बसलो. मग इथंच मिरजेत अथणीकरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी माझ्या सुनेला, वृंदाला, समोर बसवून सांगितलं होतं, “गहू बंद. पोळी, ब्रेड, शेवया, रवा, सगळं बंद. थोडासा चालेल का असं विचारू नका. पोळी लाटलेल्या पोळपाटावर हिची भाकरी थापलीत तरी हिचं आतडं सोलून निघेल.” आम्ही नवा पोळपाट आणला, नवा तवा आणला. हळूहळू शालूच्या गालांवर मांस चढलं.

पण बिस्किटाचं काय करायचं? शाळेत मधल्या सुट्टीत सगळी पोरं बिस्किटं खातात आणि ही राजगिऱ्याच्या वडीचा डबा उघडते. दुकानांत ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली पाकिटं मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती. महाग, आणि तोंडात घातली की रांगोळी खाल्ल्यासारखी. म्हणून डॉक्टरांनी ही परीक्षा ठेवली. आणि वृंदानं माझं नाव दिलं. “आमच्या आईंना पोळीच्या घासावरून गिरणी ओळखता येते,” असं सांगून आली.

खरं होतं ते. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. माझी जीभ तिथेच वाढली. पण त्या जिभेला मी बावीस वर्षांपूर्वी लगाम घातला होता, हे वृंदाला पुरतं माहीत नव्हतं. धाकट्या जाऊबाई नव्या नवरी होत्या. सोळा माणसांच्या पंगतीत मी त्यांच्या आमटीला म्हणाले होते, “ही फोडणी आहे की धूर केलाय?” सगळे हसले. जाऊबाई त्यानंतर माझ्यासमोर कधी जेवल्या नाहीत. वर्षभरानं त्या वेगळ्या झाल्या. तेव्हा दत्ताच्या देवळात पोथी सांगणाऱ्या गोदूताईंकडे जाऊन मी रडले, आणि त्यांनी मला तो नियम दिला. पहाटेची आंघोळ, पोथीचा अध्याय, गुरुवारचं एकभुक्त हे सगळं मी करत होतेच. पण हा नियम माझा खास होता. बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

मार्क द्यायला हरकत नाही, असा विचार करून मी हो म्हटलं. सगळ्यांना चांगले द्यायचे. नाव कुणाला ठेवायचं नाही.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली होती. एप्रिलचा रविवार. दोन पंखे फिरत होते आणि खाली गरम वाराच येत होता. सतरंजीवर बारा-तेरा मुलं ओळीनं बसली होती, आयाबाया भिंतीला टेकून. बिस्किटांसमोर इतकी शांत बसलेली मुलं मी कुठे पाहिली नव्हती. खायच्या वस्तूला हात लावण्याआधी आईच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखी दिसत होती ती.

माझ्याबरोबर दुसरी परीक्षक होती आरगची लता गुरव. शिवणकाम करायची. तिची तेजू नऊ वर्षांची, शालूच्याच शेजारी बसलेली.

“मला कशाला हितं बसवलंय?” लता म्हणाली. “मी काय जज हाय व्हय?”

“तुमची तेजू सगळ्यात चोखंदळ आहे,” डॉक्टर हसले. “तिच्या आईला आवडलं तर सगळ्यांना आवडेल.”

लतानं एक नंबरचं उचललं, चावलं, आणि चावता चावता थांबली.

“अगं बया! ह्ये बिस्कीट हाय का खडू? खडू तरी बरा, लिवायला येतोय.”

बायका हसल्या. दोन नंबरला तिनं पाणी मागवलं. “बिगीबिगी आणा, न्हाईतर घशात अडकून हितंच जायची मी, आणि डॉक्टरांच्या नावानं बोंब व्हायची.” तीन नंबर तिला बरं वाटलं. “गोड हाय म्हणून गिळंल पोरगी.”

मी सात, सात, आठ असे आकडे लिहीत होते. लता माझ्या कागदात डोकावली.

“काकू, तुमी खडूला सात दिलं?”

“मेहनत केली असेल गं कुणीतरी.”

“मेहनत तर आमचं गाढव बी करतंय!”

मीही हसले. मग चार नंबरची ताटली पुढे ओढली.

गोल, पातळ, कडेला किंचित तांबूस. मोडलं तर नेमका ‘कट’ असा आवाज आला. आधीच्या तिन्हींचा भुगा होत होता, हे मोडलं. लतानं तोंडात टाकलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. डोळे मिटून खात राहिली.

“काकू,” शेवटी ती म्हणाली, “ह्येला म्हणत्यात बिस्कीट.”

मी सवयीनं माझं बिस्कीट उलटं केलं. खालची बाजू बोटाला मऊ लागली, पिठूळ. मी चावलं. तांदूळ होता, ज्वारी होती, लोणी होतं. आणि मग मागून, जिभेच्या मुळाशी, तो वास आला.

पोळ्या करताना तीन-चार पोळ्या झाल्या की तव्यावर पिठी साचते. तांबडी होते, मग काळी पडते, आणि तिचा एक वास सुटतो. आपण फडक्यानं तवा पुसतो आणि पुढची पोळी टाकतो. पस्तीस वर्षं मी तो तवा पुसत आले होते. जगात दुसऱ्या कुठल्या पिठाला तो वास नाही. तो कणकेचाच.

मी पाणी प्याले. पुन्हा एक तुकडा खाल्ला. वास तिथेच होता.

“किती देताय?” लतानं विचारलं. “मी तर दहा देणार. तेजूनं दोन वर्षात असलं काय खाल्लं न्हाई ओ. दुसऱ्याच्या डब्यातलं मागती आणि मग घरी येऊन रडती.”

डॉक्टर चार हातांवर उभे होते. मी मान वर केली असती तरी पुरे होतं. “जरा थांबा,” एवढे दोन शब्द. पण मला वाटलं, भास असेल. मला वाटलं, पाकिटावर छापलेलं असतं, ती माणसं काय खोटं छापतील? मला वाटलं, भरल्या सभेत पुन्हा एकदा कुणाच्या तरी हातच्या अन्नाला मी नाव ठेवणार. आणि खोटं कशाला बोलू, हेही वाटलं की बावीस वर्षांचं पुण्य एका बिस्किटापायी का घालवायचं?

मी दहा लिहिले.

उरलेल्या दोन ताटल्या कशा होत्या ते मला आठवत नाही. कागद गोळा झाले आणि डॉक्टरांनी मुलांना म्हटलं, “घ्या रे. आज विचारायचं नाही. सगळं तुमचंच आहे.”

क्षणभर कुणी हललंच नाही. मग सगळे हात एकदम एकाच ताटलीवर गेले. बोलणं नाही, भांडण नाही, नुसता खाण्याचा आवाज. शालूचाही हात तिकडे गेला. मी तिच्या हातात तीन नंबरचं ठेवलं.

“आजी, ते पातळवालं दे ना.”

“हे खा गं बाळ. हे गोड आहे.”

शालू ऐकणारी मुलगी. खाऊ लागली. शेजारी तेजूच्या दोन्ही मुठींत दोन-दोन बिस्किटं होती आणि ती चावता चावता आमच्याकडे बघत होती.

दवाखान्यातल्या बाईंनी यादी वाचली. चार नंबर पहिलं आलं होतं. मिरजेचंच, एका बाईंचा घरगुती उद्योग. सुमन आरगे.

सुमन! गुरुवारी भजनाला माझ्या मांडीला मांडी लावून बसणारी सुमन.

दुसऱ्याच दिवशी ती घरी आली. हातात बिस्किटांचा मोठा डबा. आल्या आल्या माझ्या पाया पडली.

“अगं, हे काय?”

“वहिनी, तुम्ही दहा दिलेत म्हणे! डॉक्टरांनी सकाळीच फोन केला. चाळीस डबे नेले त्यांनी. घरी होते नव्हते तेवढे सगळे.” तिचे डोळे भरले. “हे गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं हो, की आपल्या हाताला काहीतरी किंमत आहे.”

मी चहा टाकला. पाठमोरी राहूनच विचारलं, “सुमन, तांदळाचं पीठ लाटायला फार त्रास देतं ना गं? चिकटत नाही?”

“चिकटतं की! पोळपाट सोडत नाही मेलं. मग पिठी लावते थोडी वर-खाली.”

“कसली पिठी?”

“पिठी म्हणजे पिठी. आपली नेहमीची.” ती हसली. “आत गव्हाचा कण नाही हं, वहिनी. ज्वारी नि तांदूळ मी स्वतः घरच्या चक्कीवर दळते. मैद्याचं पाकीटसुद्धा घरात ठेवलं नाही.”

तिच्या मनात काडीचं पाप नव्हतं. पिठी आपण कधी साहित्यात धरतो का? भाकरीच्या कृतीत कुणी ‘पाणी’ लिहितं, ‘परात’ लिहीत नाही. तशी तिच्या लेखी पिठीही परातीसारखीच, साहित्यात न धरायची. माझ्या हातातली गाळणी थांबली.

“तांदळाची लाव गं,” मी हळूच म्हटलं. “आणखी हलकी होतील.”

“हो? बरं, पुढच्या खेपेपासून लावते.” आणि तिनं लावलीही. शब्दाची पक्की होती.

मला वाटलं, झालं. कुणाचं मन न दुखावता, अन्नाला नाव न ठेवता दत्तमहाराजांनी माझ्याकडून काम करून घेतलं. त्या रात्री मी समाधानानं झोपले. आधीचे चाळीस डबे मुलांच्या घरोघरी गेले होते, ते माझ्या समाधानात कुठे आलेच नाहीत.

आमच्या घरातला डबा मी फडताळावर ठेवला. वृंदा म्हणाली, “आई, शालूला का देत नाही त्यातली?”

“तिच्या वड्या आहेत अजून. आधी त्या संपू देत.”

अन्न टाकवत नव्हतं. म्हणून रोज सकाळी देवळात जाताना चार-पाच बिस्किटं पदराखाली घ्यायचे आणि कोपऱ्यावरच्या गाईला घालायचे. आठ दिवसांत डबा रिकामा झाला. घासून, पुसून पालथा ठेवला.

पुढच्या आठवड्यात वृंदानं फोन ठेवता ठेवता सांगितलं, तासगावच्या एका मुलाला जुलाब लागलेत. मी म्हटलं, उन्हाळा आहे. मग कुपवाडची एक मुलगी. डॉक्टरही म्हणाले म्हणे, पाणी उकळून द्या, टँकरचं पाणी वाईट आलंय. मी पोथी वाचायला बसायचे आणि एकच ओवी तीनदा वाचायचे. समईची वात मोठी केली तरी अक्षरं लागत नव्हती. एकदा फोनपर्यंत गेले, डॉक्टरांचा नंबर लावला. पलीकडून “हॅलो” आलं. मी हळूच ठेवून दिला.

तिसऱ्या आठवड्यात वृंदा कामावरून आली ती चपला न काढताच म्हणाली, “आई, तेजूला ॲडमिट केलंय. पोटात काहीच ठरत नाही. सलाईनला शीर सापडेना म्हणे, पायाला लावलंय.”

मी जाते म्हटलं. दुपारचे तीन वाजले होते.

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खाटेवर तेजू होती. मी आधी पुढे निघून गेले. मला ती ओळखूच आली नाही. डोळ्यांखाली निळं पडलेलं, गाल आत गेलेले, आणि चादरीखाली पोटाचा तेवढा उंचवटा. आमची शालू दोन वर्षांपूर्वी अशीच दिसत होती.

लता उशाशी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत होती.

“या काकू. बगा, काय झालंय माझ्या पोरीचं. गव्हाचा कण दिला न्हाई ओ मी. नवरा म्हणतोय, तूच कायतरी खाया घातलं असशील. मी देवाची आण घेतली तरी त्यो ऐकंना. सासू बोलंना झालीय.” तिनं डोळे पुसले. “परवा मीच मनात म्हटलं, झोपेत तर दिलं नसंल मी कायतरी?”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग मला खाटेशेजारच्या स्टुलावर तो डबा दिसला. सुमनचा. झाकण अर्धं उघडं.

“त्येवढंच खाती बगा,” लता म्हणाली. “बाकी सगळं वकून टाकती. तीन डबं घेतलं हुतं मी तवाच, ह्यो शेवटचा. डॉक्टर म्हणालं, खातीय ते खाऊ दे, आपल्याच यादीतलं हाय.” ती उठली. “जरा बसता? खालनं औषधं घिऊन येते. उठली तर एक बिस्कीट द्या तिच्या हातात.”

ती गेली. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा मांडीवर घेतला. तेजू जागीच होती. डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होती.

“आजी, बिस्कीट.”

“थोड्या वेळानं हं.”

“आई देती मला.”

“हो गं. पण आत्ता नको.”

तिनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग अगदी सहज, तक्रार न करता म्हणाली, “शालूला बी दिलं न्हाई तुमी. मी बगितलं. तिनं मागितलं हुतं, तुमी तिला दुसरंच दिलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बघितलं.

“ह्यात काय हाय, आजी?”

मी आजवर कुणाच्या प्रश्नाला इतकी घाबरले नव्हते. जप करून बघितला मनातल्या मनात, एकही नाव आठवेना.

“गहू आहे गं,” मी म्हटलं.

तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. या मुलांना गव्हावर रागवायची सवय नसते, घाबरायची असते. तिनं पाय जरा जवळ ओढले.

“आईला ठावं न्हाई?”

“नाही. आईनं काहीच चुकीचं केलेलं नाही. मला ठाऊक होतं.”

“मग बाबा आईला बोलत्यात त्ये?”

“ते खोटं आहे.”

“तुमी सांगा की बाबांना.”

“सांगते. आधी आईला सांगते, मग डॉक्टरांना, मग तुझ्या बाबांना.”

“कवा?”

माझ्या तोंडाशी ‘उद्या’ आलं होतं. उद्या गुरुवार होता, सकाळी अभिषेक होता.

“आत्ता,” मी म्हटलं.

“आई लई चिडंल तुमच्यावर.”

“चिडू दे.”

“मारंल बी.”

“मारू दे गं.”

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिनं सलाईन नसलेला हात पुढे केला, पालथा नव्हे, उताणा. मी त्या तळव्यावर माझा हात ठेवला. किती हलका होता तो.

नर्सबाईंना तिच्याकडे लक्ष द्यायला सांगून, डबा काखेत धरून मी उठले. जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा खालून लताचा आवाज येत होता. औषधाच्या खिडकीशी ती कुणाला तरी म्हणत होती, “दादा, आदी मला द्या ओ, पोरगी वर एकटी हाय.” आणि मग, बहुतेक त्या माणसाला बरं वाटावं म्हणून, थोडंसं हसली.

मी कठडा धरला आणि एकेक पायरी खाली उतरू लागले.